खाडीकाठ पाहणारा चित्रकार : जेम्स वेल्स

(द्वितीय वर्ष, कला)

नाना फडणीस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक लांबट, कृश चेहरा येतो. शाळेच्या पुस्तकात, दिवाळी अंकात, किल्ल्याच्या पायथ्याशी विकायला ठेवलेल्या चित्रांत हा चेहरा आपण कधी ना कधी पाहिलेला असतो. पण तो आपल्यापर्यंत आणून पोचवणारा माणूस कोण, असे विचारले तर बहुतेकजण गप्प बसतील. मीही गप्पच बसले होते. मागील वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिले. त्या चित्रकाराचे नाव जेम्स वेल्स. जाता जाता सर एवढेच म्हणाले की हा माणूस आपल्या ठाण्यात वारला. पुढचा विषय सुरू झाला, पण माझे मन तेथेच अडकून राहिले. नाना फडणीसांचे चित्र काढणारा स्कॉटलंडचा माणूस ठाण्यात कशाला आला आणि येथेच का संपला? या एका प्रश्नामागे लागून मी ग्रंथालयात जे वाचले आणि पाहिले ते या लेखात मांडत आहे.

जेम्स वेल्सचा जन्म १७४७ च्या सुमारास स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पीटरहेड या गावी झाला. पीटरहेड हे मासेमारीचे बंदर. समोर उत्तर समुद्र, थंड वारा, होड्या आणि जाळी. शिक्षणासाठी तो जवळच्या ॲबरडीन शहरी गेला आणि तेथील मारिशल कॉलेजात शिकला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मात्र त्याला फारसे मिळाले नाही. पाहून पाहून आणि हात चालवून तो स्वतःच शिकला. माणसांचे चेहरे काढून पोट भरावे आणि मनाची हौस म्हणून निसर्गदृश्ये रंगवावीत, असे त्याचे सुरुवातीचे दिवस गेले. पुढे तो लंडनला आला. तेथील प्रदर्शनांतून त्याची चित्रे लागू लागली, १७८८ आणि १७८९ साली रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनातही लागली. परंतु लंडनमध्ये नावाजलेल्या चित्रकारांची दाटी होती. त्या गर्दीत बंदरगावाहून आलेल्या, कोणा मोठ्या गुरूचा शिष्य नसलेल्या माणसाला वर येणे सोपे नव्हते.

त्या काळी अशा चित्रकारांना हिंदुस्थान खुणावत असे. येथे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी होते, राजेरजवाडे होते, आणि चित्र काढून घेण्यासाठी खर्च करायची त्यांची तयारी होती. कंपनीच्या संचालकांची परवानगी मिळवावी लागे, काही महिन्यांचा जहाजाचा प्रवास सोसावा लागे. वेल्सने हे सारे केले आणि १७९१ साली तो मुंबईत उतरला. त्याचे वय तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. ज्या वयात माणसे स्थिरावण्याचा विचार करतात त्या वयात त्याने नव्याने सुरुवात केली.

त्यावेळची मुंबई म्हणजे आजची मुंबई नव्हे. ती बेटांची मुंबई होती. एका टोकाला तटबंदीचा कोट, आत कंपनीच्या वखारी आणि घरे. कोटाबाहेर माडांच्या वाड्या, भातखाचरे, कोळीवाडे, आणि त्यांच्यामध्ये दिवसातून दोनदा वर चढणारे समुद्राचे पाणी. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी थेट आतपर्यंत शिरत असे. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास, तेथे बांध घालून ते खिंडार बुजवण्यात आले. हाच तो हॉर्नबी वेलार्ड. वेल्स मुंबईत आला तेव्हा हा बांध नवाच होता. उत्तरेकडे मुंबई बेट शीवपाशी संपत असे. पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी बेट. दोन्ही बेटांना जोडणारा रस्ता तेव्हा झालेला नव्हता.

या मुंबईची चित्रे वेल्सने १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत काढली. बारा दृश्यांचा हा संच पुढे ताम्रपटावर कोरून, छापून, हाताने रंगवून प्रसिद्ध झाला. मलबार हिल, बंदर, माझगाव भागातील बेलमाँटची टेकडी, वेलार्डचा बांध, घारापुरी बेट आणि शीवचा किल्ला अशा ठिकाणांहून ही दृश्ये घेतलेली आहेत. यांतील काही चित्रे शेजारी शेजारी ठेवली की एकाच जागी उभे राहून मान फिरवत पाहावे तसा मोठा देखावा तयार होतो. आज मोबाइलवर आपण जो लांबरुंद फोटो घेतो, तीच कल्पना त्याने कुंचल्याने साधली, असे म्हणायला हरकत नाही.

या चित्रांमध्ये मला सर्वांत प्रथम जाणवले ते त्यांतील मोकळेपण. वर भरपूर आकाश, खाली सखल पसरलेली जमीन, मध्ये पाण्याचे पट्टे, दूरवर डोंगरांची निळसर रेघ. माणसे आहेत पण फार लहान. इमारती थोड्या. चित्राचा मोठा भाग जमीन आणि पाणी यांनीच व्यापलेला आहे. पोटासाठी चेहरे रंगवणाऱ्या या माणसाने येथे चेहऱ्यांकडे पाठ फिरवून किनाराच रंगवला. त्याच्या बालपणीचे पीटरहेड त्याला यात दिसले असेल का, असा विचार माझ्या मनात आला. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाची नजर पाण्याकडे गेल्यावाचून राहत नाही, हे मी माझ्या घरातच पाहिले आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आम्ही मानपाड्याला राहतो. घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला येऊरचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला थोडे गेले की कोलशेतची खाडी. माझ्या आजीचे माहेर खाडीकाठचे. तिला अक्षरओळख नाही. ग्रंथालयातील पुस्तकातून वेल्सच्या चित्राची प्रत काढून मी घरी नेली आणि तिला दाखवली. मी त्यात ब्रिटिश काळ पाहत होते, तिने झाडे पाहिली. ही उंच झाडे माडाची नव्हेत, ताडाची आहेत, असे तिने पाहताक्षणी सांगितले. माड माणूस लावतो, ताड आपला आपण येतो, हा फरक तिनेच मला शिकवला. मग पाणी आणि जमीन यांच्यामधल्या, पुस्तकात दलदल असे लिहिलेल्या पट्ट्यावर बोट ठेवून ती म्हणाली की हे खाजण आहे. दलदल हा शब्द तिला माहीतच नव्हता. दलदल म्हणजे नकोशी जागा, खाजण म्हणजे कामाची जागा. एकाच जमिनीला दोन नावे, आणि नाव बदलले की जमिनीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते, हे मला त्या दिवशी कळले.

वेल्सने रंगवलेला हा किनारा कसा चालतो हे थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र नुसते सुंदर वाटेल आणि समजणार नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची मोठी भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान. भरतीचे पाणी खाडीतून आत शिरताना गाळ घेऊन येते आणि वेग मंदावला की तो खाली टाकते. या गाळावर खारे पाणी सोसणारी झाडे उगवतात. त्यांना आपल्याकडे तिवर, कांदळ, चिप्पी अशी नावे आहेत. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर डोके काढतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाडाला श्वास घ्यायचा असतो. या मुळांमध्ये गाळ अडकतो, काठ घट्ट होतो, कोळंबीची आणि माशांची पिले तेथे आसरा घेतात. निवट्या चिखलावर उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात, दगडांना कालवे धरतात. त्यापलीकडे किंचित उंचावर माणसाने बांध घालून खारे पाणी अडवलेले असते. आत खारवट भात पिकतो, किंवा उथळ आगरात पाणी वाळवून मीठ तयार होते. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकर या चिखलातून आलेली आहे.

वेल्सला या साऱ्यांची नावे माहीत असणे शक्य नव्हते. त्याने झाडांचा अभ्यास केला नाही, त्याने दृश्य काढले. तरीही उंचावर बसून, पाणी कोठपर्यंत येते, झाडी कोठे दाट आहे, उंचवटा कोठे आणि सखल भाग कोठे, हे त्याने निरखून कागदावर उतरवले. म्हणूनच ही चित्रे आज किनाऱ्याच्या साक्षीदारासारखी वाटतात.

मुंबईतील ही कामे चालू असतानाच वेल्सच्या आयुष्याला वळण देणारा माणूस त्याला भेटला. चार्ल्स मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातील पहिला इंग्रज रेसिडेंट. आपल्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख मॅलेट वकील असा येतो. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांच्यात १७९० साली जो तह झाला त्याच्या दरबाराचे भव्य चित्र व्हावे, अशी मॅलेटची इच्छा होती. त्याच्या बोलावण्यावरून वेल्स १७९२ साली पुण्यास गेला. तेथे त्याने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस, महादजी शिंदे अशा थोर पुरुषांची चित्रे समोर बसवून काढली. अठरा वर्षांचा तरुण पेशवा आणि त्याच्या जवळ मुरब्बी नाना, असे त्याचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पुढे काही वर्षांतच हे सारे पुरुष काळाच्या पडद्याआड गेले. महादजी १७९४ साली, सवाई माधवराव १७९५ साली आणि नाना १८०० साली. वेल्स थोडा उशिरा आला असता तर या माणसांचे चेहरे आपल्याला या रूपात दिसले नसते.

पुण्यातील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मॅलेटच्या प्रयत्नाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली आणि वेल्स तेथे शिकवू लागला. या शाळेशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. नावावरूनच कळते की त्याचे घराणे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचे. घरात हातोडी आणि पत्रा, आणि या मुलाच्या हाती आली पेन्सिल व कागद. वेल्स येण्यापूर्वीच तो मॅलेटसाठी चित्रे काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटने अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. साहेबाकडून तो छायाप्रकाश आणि दूर-जवळचे अंतर दाखवण्याची रीत शिकला असेल. पण देशी माणसाला जे सहज दिसते ते साहेबालाही त्याच्याकडून शिकायला मिळाले असेल, असे मला वाटते. आपल्या घराण्यात जे कोणी केले नाही ते पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या मनात कोणती धाकधूक असते याची मला थोडी कल्पना आहे. त्यामुळे गंगारामविषयी वाचताना मला तो दोनशे वर्षांपूर्वीचा न वाटता ओळखीचा वाटला.

दरबारी चित्रांनी वेल्सला नाव दिले, पण त्याचे मन रमले ते लेण्यांत. १७९३ साली थॉमस डॅनियल आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे चित्रकार हिंदुस्थानचा मोठा प्रवास करून मुंबईत आले. वेल्सची आणि त्यांची गाठ पडली आणि तिघे मिळून मुंबईच्या आसपासची लेणी पाहत फिरले. घारापुरी, वेरूळ आणि साष्टीतील लेणी यांची तपशीलवार रेखाटने करून त्यांचा मोठा ग्रंथ काढावा, असा वेल्सचा मानस होता. त्या काळी हे काम किती कष्टाचे असेल! तेथे रस्ते नव्हते. होडीतून खाडी ओलांडायची, ओहोटी असेल तर भरतीची वाट पाहायची, पुढे डोलीतून वा पायी रान तुडवायचे. लेण्यात अंधार, वटवाघळे, गळके पाणी. बरोबर कागद, मापे, रंग आणि मदतनीस. तरीही तो पुन्हा पुन्हा जात राहिला.

साष्टी बेटाच्या मध्यभागी कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी असलेला तो डोंगर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. आपण मानपाड्याहून डोंगराकडे पाहिले तर त्याच रानाची ही पूर्वेकडची बाजू. साष्टी बेट मराठ्यांकडून १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतले होते आणि ठाण्याच्या किल्ल्यात त्यांची शिबंदी होती. तेव्हा साष्टीत काम करणाऱ्या इंग्रज माणसाला आसऱ्याचे ठिकाण म्हणजे ठाणे. १७९५ च्या पावसाळ्यानंतर वेल्स कान्हेरीच्या कामात गुंतलेला असताना त्याला ताप आला. या तापातून तो उठला नाही. नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यास त्याचा अंत झाला. त्यापूर्वी काही दिवस, ऑक्टोबरच्या अखेरीस, पुण्यात सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात वरून पडून गेले होते. चित्रात बसलेला तरुण आणि त्याला रंगवणारा प्रौढ चित्रकार दोघेही एकाच दिवाळीच्या आगेमागे नाहीसे झाले. वेल्स तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. हिंदुस्थानात त्याला जेमतेम साडेचार वर्षे लाभली.

त्या काळी लोकांची अशी समजूत होती की दलदलीतून वाईट हवा निघते आणि ती अंगाला लागली की ताप येतो. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच दूषित हवा असा आहे. डासांमुळे हा ताप पसरतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ साली दाखवून दिले, म्हणजे वेल्सच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. तोपर्यंत सारा दोष चिखलावर येत राहिला. ज्या किनाऱ्याकडे वेल्सने एवढ्या आस्थेने पाहिले, त्याच किनाऱ्याला सरकार आणि शहरातील लोक रोगाचे घर समजत. चिखल बुजवणे म्हणजे आरोग्य, अशी समजूत रूढ झाली. पुढे डासांचे सत्य कळले, पण बुजवण्याची सवय मात्र गेली नाही.

वेल्स गेला तेव्हा त्याची बहुतेक कामे अपुरी होती. मुंबईच्या दृश्यांचा संच लंडनमध्ये १८०० साली प्रसिद्ध झाला. वेरूळची चोवीस दृश्ये थॉमस डॅनियलने त्याच्या रेखाटनांवरून १८०३ साली ग्रंथरूपात आणली. दरबाराचे भव्य चित्रही डॅनियलनेच वेल्सच्या तयारीवरून १८०५ साली पूर्ण केले आणि ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. वेल्सची थोरली मुलगी सुझाना हिचा विवाह १७९९ साली मॅलेटशी झाला. म्हणजे कीर्ती, ग्रंथ, घराण्याचे वैभव हे सारे त्याच्या पश्चात आले. स्वतः त्याने पाहिली ती फक्त टेकडीवरून दिसणारी जमीन आणि पाणी.

या सुट्टीत मी आणि माझ्या दोन मैत्रिणी शीवचा किल्ला पाहायला गेलो. ठाण्याहून लोकलने शीवला उतरले की टेकडी जवळच आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला हा लहानसा किल्ला आज पडझडीला आला आहे. वर जाऊन आम्ही वेल्सच्या चित्राची प्रत हातात धरून उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहिलो. चित्रात मोकळी सखल जमीन आहे, समोर घरांचा समुद्र होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस शीवपासून साष्टीत जाणारा रस्ता गव्हर्नर डंकनच्या काळात खाडीवरून बांधला गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली तीही शीववरूनच. त्यानंतर भर घालण्याचे काम कधी थांबलेच नाही. मिठी नदीच्या काठची पाणथळ भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचे पाणी घराघरांत शिरले. अनेक माणसे बुडून मेली. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण वडील त्या रात्री कुर्ल्याहून ठाण्यापर्यंत पाण्यातून चालत आले, ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या टेकडीवर उभी असताना मला एकदम उमगले की वडील ज्या वाटेने कमरेएवढ्या पाण्यातून आले तिची सुरुवात या चित्रातल्या सखल भागातूनच होते. पाणी वाट चुकले नव्हते. ते आपल्या जुन्या जागी आले होते. आपणच तिच्यावर घरे बांधून ती जागा विसरलो होतो.

सुदैवाने सर्व काही संपलेले नाही. खारफुटीच्या तोडीला २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. २०१२ साली वनविभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे. थंडीच्या दिवसांत तेथे हजारोंच्या संख्येने गुलाबी रोहित पक्षी चिखलात चोच खुपसून उभे असतात. वेल्सने ज्या दलदलीचे चित्र काढले तिला आज जगाने मोलाची जागा म्हटले आहे. आजीला हे सांगितले तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

वेल्सविषयी एक तक्रारही माझ्या मनात आहे आणि ती लिहिली नाही तर हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्याच्या दरबारी चित्रांत प्रत्येक सरदाराचा चेहरा ओळखू येतो. किनाऱ्याच्या चित्रांत मात्र माणसे ठिपक्यांएवढी आहेत. त्यांना चेहरा नाही. ती बांधावर काम करणारी, डोक्यावर ओझे घेऊन जाणारी, होडी वल्हवणारी माणसे आमच्यासारख्यांच्या घरातली होती. वेल्सला घारापुरीला आणि साष्टीला नेणारी होडी कोणीतरी वल्हवलीच असेल. भरती केव्हा येणार हे त्याला कोणीतरी सांगितलेच असेल. तापात पाणीही कोणीतरी पाजले असेल. त्यांची नावे कोठेच नाहीत. हा एकट्या वेल्सचा दोष नव्हे, त्या काळाचीच ती रीत होती. तरीही चित्र पाहताना माझी नजर त्या ठिपक्यांकडे वळतेच.

असे असले तरी या माणसाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच अधिक आहे. त्याने नुसते चेहरे रंगवले असते तरी त्याचे पोट भरले असते. त्याने चिखलाकडे, ताडांकडे आणि भरतीच्या पाण्याकडे पाहिले, आणि पाहण्याच्या या ओढीपायीच तो रानात गेला व आपल्या गावी येऊन मरण पावला. त्याने रेखाटलेल्या किनाऱ्याची नावे त्याला ठाऊक नव्हती, ती आमच्या आजीला ठाऊक आहेत. आजीने कधी चित्र काढले नाही, वेल्सने ते काढून ठेवले. दोघांचे काम एकत्र आणले तरच तो किनारा पुरता दिसतो. हे काम आता आपण शिकलेल्या मुलामुलींनी करायचे आहे, असे मला मनापासून वाटते.

परवा संध्याकाळी आजीबरोबर मी खाडीवर गेले होते. ओहोटी लागली होती आणि चिखल उघडा पडत होता. मी वहीत झाडांची नावे लिहून घेतली. तिवर, चिप्पी, कांदळ. आजी सांगत होती आणि मी लिहीत होते. चित्र काढायला मला येत नाही. पण वेल्सच्या चित्राची प्रत त्या वहीत घडी घालून ठेवली आहे, आणि तिच्या कडेला आजीने सांगितलेली नावे एकेक करून लिहिण्याचे काम मी सुरू केले आहे.